काठाशी न थांबणारा

उंदीर टेबलाच्या काठाशी आला की थांबतो. हे त्याला कोणी शिकवत नाही. मिशा पुढं करतो, हवा हुंगतो, एक पाय खाली सोडून बघतो, खाली काही नाही म्हटल्यावर मुकाट मागं सरकतो. आंधळा असला तरी थांबतो, उपाशी असला तरी थांबतो. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पिंजरे धुणाऱ्या उंदीरमामांनी हजारो उंदीर काठाशी आलेले बघितले होते, आणि हजारोच्या हजारो थांबलेले बघितले होते.

तो पांढरा थांबला नाही.

मधोमध ठेवल्यावर तो सरळ निघाला, जेवण झाल्यावर शतपावलीला निघावं तसा, आणि काठावरून तसाच पुढं चालत गेला. धप्प. खाली गादी अंथरलेली होती म्हणून वाचला. गादीवर उठून बसला, तोंड पुसलं, आणि परत चालायला लागला.

"पाय घसरला असेल," थोरली म्हणाली.

थोरली म्हणजे ह्या प्रयोगशाळेची मुख्य. दारावर पितळी पाटी होती, तिच्यावर तिच्या नावामागं एवढ्या पदव्या होत्या की नाव शोधावं लागायचं. पण घरात दोनच भावंडं, आईबाप लवकर गेलेले, त्यामुळं ती थोरली आणि भाऊ धाकटा. आणि मामांसाठी ती नुसती 'बाई'.

मामांनी उंदराला उचलून परत मधोमध ठेवलं. परत धप्प. तिसऱ्यांदा ठेवलं. तिसऱ्यांदा धप्प.

"बाई," मामा हळूच म्हणाले, "ह्याचा पाय घसरत नाहीये. ह्याला काठच नाहीये."

थोरलीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

आता तिचं काम काय होतं ते सांगायला पाहिजे, आणि ते काही अवघड नाही, उगाच लोक त्याला अवघड करून ठेवतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातल्या काही निरोप्यांना म्हणतात न्यूरोपेप्टाइड. इवलेसे असतात, पण चहाडखोर बाईसारखे गल्लीभर फिरतात, आणि एकदा का कानाला लागले की तासन्‌तास परिणाम राहतो. ज्या कानाला लागतात त्याला म्हणतात रिसेप्टर. प्रत्येक निरोप्याचे कान ठरलेले. थोरली ज्याच्या मागं अकरा वर्षं लागली होती, तो निरोप्या एकच निरोप घेऊन फिरायचा: पळ.

तिनं त्या कानांसाठी कापसाचा बोळा तयार केला होता. म्हणजे तोही पेप्टाइडच, निरोप्यासारखाच दिसणारा, पण मुका. कानात जाऊन बसायचा आणि खऱ्याला आत शिरू द्यायचा नाही. बसला की निघायचा नाही. पेशीला नवा कान फुटेल तेव्हाच तिला परत ऐकू येणार. सव्वीस बोळे फुकट गेले, सत्ताविसावा बसला. म्हणून त्याचं नाव सत्तावीस.

दोन वर्षं सत्तावीस उंदरांना देत होते आणि दोन वर्षं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. शॉक दिलेले, कोपऱ्यात थरथरत बसणारे उंदीर औषधानं बाहेर यायचे, खायचे, खेळायचे. काठाशी मात्र थांबायचे. तेवढी भीती शिल्लक राहायची, आणि तेवढीच राहायला हवी होती.

"आज काय वेगळं केलं?" थोरलीनं विचारलं.

"काहीच नाही, बाई. तेच औषध, तेवढंच." मामांनी डोकं खाजवलं. "नळ्या तेवढ्या नव्या. जुन्या संपल्या ना, काल ते निळं खोकं आलं, त्यातल्या."

थोरली उठली. निळ्या खोक्यावरची चिठ्ठी तिनं वाचली. खरं तर वाचायची गरज नव्हती, खोकं तिनंच मागवलं होतं. आतून लेप दिलेल्या नळ्या. पेप्टाइड चिकटत नाही.

पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं. कढईला दुधाची साय धरते तसं नळीच्या भिंतीला धरतं, डोळ्यांना दिसत नाही. दहा भाग ओतले तर नऊ भाग भिंतीला बसतात आणि एक भाग सुईत येतो. हे ह्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. थोरली तर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हेच ओरडून सांगायची. पण शास्त्रज्ञांचं एक असतं, सगळ्या जगावर शंका घेतील, आपल्या कपाटातल्या नळीवर घेणार नाहीत. पहिल्या आठवड्यात कोणीतरी साध्या नळ्या काढल्या, प्रयोग छान आला, मग तीच पद्धत पडली. दोन वर्षं उंदरांना मिळत होता दहावा हिस्सा, आणि वहीत लिहिला जात होता पूर्ण.

म्हणजे हा पांढरा पूर्ण डोस मिळालेला पहिलाच उंदीर.

नाही. पहिला नाही.

तिनं खुर्चीची पाठ धरली. मामा म्हणाले, "बाई, पाणी आणू का?" तिला ते ऐकूच गेलं नाही.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. बारा वर्षं विहिरीसारख्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून दोर, चाकं, साखळ्या बघत होता, आणि ह्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चार महिन्यांपूर्वी त्याच्यासमोर त्याचा जोडीदार खाली गेला. सात मजले. त्यानंतर धाकटा बसला तो बसलाच. स्टुलावर चढायचं म्हटलं तरी घाम. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा. भिंतीला पाठ लावून दिवस काढायचा आणि म्हणायचा, "ताई, जमीन हलते गं." डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एक दिवस तो म्हणाला, "मी असाच राहणार असेन तर त्याच्याबरोबर गेलो असतो तर बरं झालं असतं."

ते ऐकून तिनं ठरवलं. कुठल्याही नियमात बसत नव्हतं, कोणाला विचारलं नाही. वहीतला उंदरांचा डोस माणसाच्या वजनाला लावला, नाकात मारायचा फवारा तयार केला. भावासाठी म्हणून जास्त काळजी घेतली. स्वतःच्या हातानं, लेप दिलेल्या बाटलीत भरला. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून.

तिथंच घात झाला. हयगय केली असती तर पोरगं सुखरूप राहिलं असतं.

नऊ दिवस झाले होते. रोज सकाळी दोन फवारे. चौथ्या दिवशी तो खिडकीत उभा राहून दात घासत होता, तेव्हा तिला आनंदानं रडू आलं होतं. सहाव्या दिवशी तो कामावर गेला.

तिनं फोन लावला. पलीकडं घुमणारा आवाज, कुठंतरी लोखंडावर लोखंड.

"बोल गं, ताई!"

"कुठं आहेस?"

"कुठं असणार? लिफ्टच्या डोक्यावर."

"पट्टा बांधलायस?"

"पट्टा ना..." तो आजूबाजूला बघत असावा. "खिळ्याला टांगलाय. मधेमधे येतो साला."

"बारक्या, ऐक. पट्टा बांध आणि बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"का?"

साधं का. चिडून नाही, वैतागून नाही. खरंच माहीत नसल्यासारखं.

ती पांढरा कोट न काढताच टॅक्सीत बसली.

नववा मजला. लिफ्टचं दार फाकवून लाकडाचा ठोकळा लावलेला, बाहेर 'काम चालू' लिहिलेला पत्रा. बाजूला उपड्या बादलीवर मोठा मिस्त्री चहा पीत बसला होता.

"या या, ताई! काय खायला घातलंत हो भावाला? चार महिने खुर्चीवर चढत नव्हता, आता माकड झालाय, माकड!"

"त्याला बाहेर काढा."

"असं काय करता? दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात केलंय त्यानं."

"पट्टा का नाही बांधला?"

"मी सांगितलं की. तीनदा सांगितलं. बांधतो म्हणतो आणि विसरतो." मिस्त्रीनं कप खाली ठेवला. हसू जरा ओसरलं. "खरं सांगू का, सकाळपासून मी त्याच्याकडं बघत नाहीये. म्हणून इथं बाहेर येऊन बसलोय."

तिनं दारातून आत वाकून बघितलं. धाकटा हातभर खाली होता. एक पाय लिफ्टच्या टपावर, दुसरा समोरच्या भिंतीतल्या लोखंडी पट्टीवर, दोन्ही पायांच्या मध्ये मोकळा अंधार. तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून गुणगुणत होता. वर बघून त्यानं भुवया उडवल्या.

आता ओरडून उपयोग नव्हता. हे तिला जगातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. काळजात चर्र होतं, धाबं दणाणतं, पाचावर धारण बसते, हे सगळं ज्या कानांतून आत येतं ते कान तिनं स्वतः बुजवले होते. मग तिनं दुसरं काढलं.

"बारक्या, माझ्या छातीत दुखतंय. मला दवाखान्यात ने."

हा तोच भाऊ होता, जो तिला तीन दिवस साधी सर्दी होती तेव्हा पहाटे सहाला थर्मास घेऊन दारात उभा राहिला होता. त्यानं तोंडातला स्क्रूड्रायव्हर काढला, तिच्याकडं नीट बघितलं, आणि प्रेमानं म्हणाला, "गोळी घे ना. जरा टेक खाली. मी एवढा नट आवळतो."

आणि तो नट आवळायला लागला.

मिस्त्री उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला. थोरलीला पहिल्यांदाच कळलं की काळजी ही भीतीचीच सख्खी बहीण. दोघी एकाच दारातून येतात. अकरा वर्षांत हे तिच्या कुठल्याच लेखात आलं नव्हतं.

तिनं डोळे मिटले आणि पांढऱ्या उंदराचा विचार केला. तीनदा पडल्यावर मामांनी त्याला पिंजऱ्यात टाकलं तेव्हा तो काय करत होता?

खात होता.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं, जमेल तेवढ्या साध्या आवाजात. "मी गरम जेवण आणलंय. गार होतंय बघ."

धाकट्याचं डोकं वर आलं. "आधी नाही का सांगायचं!" म्हणत त्यानं हत्यारं खिशात कोंबली आणि खाली न बघता त्या मोकळ्या अंधारावरून टांग टाकली. मिस्त्रीनं त्याची कॉलर पकडून त्याला आत ओढलं आणि दोघं जमिनीवर पडले. मिस्त्रीनं कॉलर तरीही सोडली नाही. धाकटा पडल्यापडल्या म्हणाला, "जेवण कुठंय?"

खाली रस्ता ओलांडताना ट्रकनं कर्कश हॉर्न वाजवला. सगळी गर्दी दचकून मागं झाली. धाकटा ट्रकच्या दिव्याकडं बघत म्हणाला, "ह्याचा एक दिवा गेलाय." तिनं त्याला दंडाला धरून ओढलं, लहानपणी शाळेत नेताना ओढायची तसं.

ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, नाडी बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली.

"काय त्रास होतो?"

"काहीच नाही," धाकटा म्हणाला. "आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

डॉक्टर हसले. "असे पेशंट रोज येऊ देत. मॅडम, त्रास तुम्हाला दिसतोय. झोप होते का तुमची?"

तेव्हा तिनं सांगायला पाहिजे होतं. बाटली पर्समध्ये होती, हातही पर्सपर्यंत गेला होता. पण दारावरची पितळी पाटी तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि तिनं पर्स बंद केली. बाहेर आल्यावर तिनं स्वतःला समजावलं, ह्यांच्याकडं ह्यावर उतारा कुठं आहे? उतारा कोणाकडंच नव्हता, हे खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि तिला ते कळत होतं.

घरी आल्याआल्या तिनं बाटली सिंकमध्ये ओतली. तिचं घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीला कुलूप लावलं, चावी ब्लाउजमध्ये ठेवली. गॅस बंद, सुऱ्या कपाटात. कामावर रजा टाकली आणि भावावर पहारा बसवला. आता एकच गोष्ट करायची होती, नवे कान फुटायची वाट बघायची. ते कधी फुटतील हे सांगू शकणारा एकच जीव जगात होता. तो पिंजऱ्यात बसून दाणे खात होता.

रोज सकाळी मामांचा फोन यायचा.

"थांबला का, मामा?"

"नाही, बाई. गादीवर."

दुसऱ्या दिवशी, "नाही." तिसऱ्या दिवशी, "नाही, बाई. आज तर धावत गेला." चौथ्या दिवशी मामा नाही म्हणाले आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "बाई, एक विचारू? हे कोणाला दिलं नाहीत ना?"

"नाही, मामा. कोणाला देणार?"

"नाही, विचारलं आपलं," मामा म्हणाले. पण सव्वीस वर्षं जनावरांचे डोळे वाचणारा माणूस तो, त्याला फोनवरूनही वाचता यायचं.

धाकटा मजेत होता. जेवायचा, झोपायचा, घरातला प्रत्येक नळ आणि बिजागरी त्यानं दुरुस्त केली. ती मागून अचानक टाळी वाजवून बघायची, उंदरांच्या बाबतीत करतात तसं. तो दचकायचा नाही. वळून विचारायचा, "डास होता का?" एकदा त्यानं इस्त्री गरम झाली का बघायला तिच्या पत्र्यावर तळवा टेकवला. चटका बसला, तो "आई गं" म्हणाला, सगळं झालं. पण हात उचलायला वेळ लावला. दुखतंय हे कळत होतं, त्याचं काय करायचं असतं तेच आठवत नव्हतं. मलम लावताना तिनं विचारलं, "तुझा जोडीदार पडला ते आठवतं का रे तुला?"

"आठवतं की."

"मग काय वाटतं?"

त्यानं मनापासून विचार केला. "खूप खाली गेला तो," असं म्हणाला, आणि फुंकर घालायला हात तिच्यापुढं धरला.

सहाव्या दिवशी मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज फुटला होता.

"थांबला, बाई! पुढचे दोन पाय रोवून असा थांबला! थरथरतोय नुसता! मी हातात घेतला तर चावला मला, बाई!"

ती तोंडावर पदर दाबून रडली. एकच डोस, सहा दिवस. कान परत फुटतात. मग रडता रडताच तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. उंदराचं काळीज मिनिटाला चारशे वेळा उडतं. दोन-तीन वर्षांत त्याचं सगळं आयुष्य होतं. उंदराचे सहा दिवस म्हणजे माणसाचे किती? महिना? सहा महिने? हे कुठल्याच वहीत नव्हतं, कारण त्या वहीतला पहिला माणूस आतल्या खोलीत बसून घड्याळ उघडत होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीला गज नव्हते. आतापर्यंत ती त्या खिडकीपुढं स्वतः उभी राहायची. पण महिना म्हटल्यावर उभं राहून भागणार नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं त्याच्याच पिशवीतून एक लोखंडी पट्टी आणि चार स्क्रू काढले, आणि खिडकी बंद करायची म्हणून आधी उघडून चौकटीवर पट्टी लावून बघायला लागली. मेंदूत केसाएवढी सुई घालणारी बाई, पण पहिलाच स्क्रू वाकडा गेला.

"काय करतेस?" धाकटा दारात उभा होता.

"खिडकी बंद करतेय. वारा येतो."

"वारा तर छान असतो." त्यानं जवळ येऊन बघितलं, आणि त्याच्यातला कारागीर बिथरला. "ताई, शिकलेली ना तू? आतून लावलेली पट्टी कोणीही उपटेल. बाहेरून बसवायला पाहिजे. सरक."

ती सरकली नाही. तो तिच्या काखेखालून, मांजर निघावं तसा निघाला. ओट्यावर गुडघा, चौकटीवर पाय, आणि दुसऱ्या क्षणाला तो बाहेर होता. छज्जा वीतभर रुंद. पायात मोजे. खाली, खूप खाली, एका पांढऱ्या व्हॅनच्या टपावर कोणाचातरी चेंडू पडलेला दिसत होता.

"स्क्रूड्रायव्हर दे," खिडकीतून हात आत घालून तो म्हणाला.

तिनं स्क्रूड्रायव्हर सोडून दिला आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं. स्क्रूड्रायव्हर चौकटीवर आपटून बाहेर उडाला. धाकट्यानं मान वळवून तो खाली जाताना शेवटपर्यंत बघितला, एका हातावर तोल टाकून, कौतुकानं.

"बघ, किती वेळ लागला," तो म्हणाला.

"आत ये, बारक्या."

"येतो की. आधी पट्टी. अर्धवट काम मला चालत नाही, माहितीय तुला."

"जेवायला चल. चल, मी वाढते."

"आत्ताच तर जेवलो. पोट टम्म आहे." तो हसला. "तुला काय झालंय आज? हात किती कापतायत तुझे."

मनगटाच्या आत तिच्या बोटांना त्याची नाडी लागत होती. दुपारच्या झोपेत असते तशी, सावकाश, एकसारखी. बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजायला लागला, मामांचाच असणार, आणि वाजून वाजून बंद झाला. घरात तिसरं कोणी नव्हतं. त्याचं वजन तिच्यापेक्षा दीडपट होतं. तिचे तळवे घामेजायला लागले होते.

"सोड ना, ताई."

"नाही सोडत."

धाकट्यानं तिच्याकडं बघितलं. लहानपणी ती त्याला हट्ट करू द्यायची तेव्हा बघायची, अगदी तसंच.

"बरं," तो समजुतीनं म्हणाला, आणि छज्ज्यावर एक पाय उचलून दुसऱ्या पायाची पोटरी खाजवायला लागला. "दमलीस की सांग."